बाळाच्या मेंदूतला रक्तप्रवाह : एमआरआय कुठवर पोचला?

बाळ जन्मलं, पण रडलं नाही. सिस्टरनी पाठ चोळली, तोंड पुसलं, अंबू बॅगने श्वास दिला. काही मिनिटांनी हुंकार आला आणि बाळ पेटीत गेलं. मंठा, परतूर, भोकरदन अशा तालुक्यांमधून ही बाळं जालन्याला येतात, आणि तिथे भागलं नाही तर साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात हलवली जातात. आई बहुतेकदा मागेच राहते. सोबत असतात बाप आणि आजी, आणि डॉक्टर दिसले की त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'डोक्याला काही झालं नाही ना?'

या प्रश्नाला पहिल्या दोन-तीन दिवसांत छातीठोक उत्तर देणारं साधन आजही कुणाकडे नाही. गेल्या दोन दशकांत मात्र त्या दिशेने एक वाट पुढे सरकली आहे. बाळाच्या मेंदूच्या कोणत्या भागात किती रक्त पोचतंय, याचा नकाशा एमआरआयवर काढता येतो. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, औषध शिरेत सोडावं लागत नाही, क्ष-किरणही लागत नाहीत. या नकाशाचा अर्थ काय लावायचा आणि त्यावरून बाळासाठी वेगळं काय करायचं, याबद्दल मात्र तज्ज्ञांचं एकमत नाही.

मोजणीची आधीची पन्नास वर्षं

माणसाच्या मेंदूतलं रक्त मोजण्याची पहिली भरवशाची पद्धत १९४०च्या दशकात अमेरिकेत सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी बसवली. रुग्णाला नायट्रस ऑक्साइड हुंगवायचं आणि धमनीतल्या व मानेतल्या शिरेतल्या रक्ताचे नमुने घेत राहायचं. धडधाकट प्रौढाच्या मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागतं, हा आकडा त्यातून रुळला. दोन-अडीच किलोच्या बाळाच्या मानेतल्या शिरेत सुई घालून असे नमुने घेणं कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं.

नवजात बाळांबाबतची मोठी पायरी १९७९ साली कोपनहेगनला चढली गेली. हान्स लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी झेनॉन वापरून दाखवलं, की जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूतला रक्तप्रवाह रक्तदाबाच्या मागे फरफटत जातो. एरवी दाब थोडा चढला-उतरला तरी मेंदू आपला पुरवठा सांभाळून घेतो. या बाळांची ती ताकदच गेलेली होती. १९८८ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने पेट स्कॅनवर आणखी कोड्यात टाकणारी गोष्ट पाहिली. काही अकाली जन्मलेल्या बाळांचा रक्तप्रवाह मिनिटाला १० मिलिलिटरच्याही खाली होता, तरी ती जगली आणि पुढे नीट वाढली. प्रौढाचा मेंदू एवढ्या रक्तावर तगत नाही.

यातला एक मुद्दा पुढच्या सगळ्या वादात डोकावत राहतो. बाळ म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ नव्हे, आणि 'कमी' कशाला म्हणायचं हेच बाळाच्या बाबतीत नीट ठरलेलं नाही. शिवाय हा आकडा वयाबरोबर झपाट्याने बदलतो. नवजात बाळात तो कमी असतो, आणि शाळेत जायच्या वयाला प्रौढांच्याही वर जाऊन मग हळूहळू उतरतो. आज ज्या बाळाचा प्रवाह मोजला, त्याचंच मोजमाप सहा आठवड्यांनी घेतलं तर मोजपट्टीही बदललेली असते.

चुंबकाने रक्तावर खूण

झेनॉन आणि पेट या दोन्हींत किरणोत्सार आहे, त्यामुळे धडधाकट बाळांवर ती मोजमापं घेता येत नव्हती. धडधाकट बाळांचे आकडेच नसतील तर आजारी बाळाची तुलना करायची कुणाशी? ही अडचण १९९२ साली सुटू लागली. जॉन डेट्रे, डोनाल्ड विल्यम्स, अॅलन कोरेट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आर्टेरियल स्पिन लेबलिंग', थोडक्यात एएसएल, ही पद्धत मांडली.

तिची रीत अशी. मानेपाशी धमनीतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्याच्या अणुकेंद्रांची चुंबकीय दिशा रेडिओलहरींनी उलटी करायची. ही झाली खूण. मग ते रक्त मेंदूत पोचेपर्यंत थांबायचं आणि चित्र घ्यायचं. दुसरं चित्र खूण न करता घ्यायचं. दोन्हींची वजाबाकी केली की उरतं ते नुकतंच आलेलं रक्त. ही वजाबाकी अगदी थोडी, प्रौढातही मूळ संकेताच्या एका टक्क्याच्या आसपास असते, आणि बाळात त्याहून कमी. म्हणून तीच जोडी चार-पाच मिनिटं पुन:पुन्हा घेऊन सरासरी काढावी लागते. तेवढ्यात बाळाने मान हलवली की सगळं मुसळ केरात.

बाळाच्या बाबतीत आणखी तीन कटकटी आहेत. पहिली, रक्त सावकाश येतं आणि खूण तर दीड-पावणेदोन सेकंदांत फिकी पडू लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत नवजात बाळांसाठी खूण केल्यावर २ सेकंद थांबावं असं सांगितलं, मोठ्या मुलांसाठी दीड सेकंद. दुसरी, खूण किती वेळ टिकते हे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर अवलंबून असतं. जन्मतः ते प्रमाण भरपूर असतं आणि पुढच्या काही आठवड्यांत घसरतं. प्रौढाचा आकडा सूत्रात तसाच ठेवला तर उत्तर चुकतं, म्हणून स्कॅनच्या दिवशीचं बाळाचं हिमॅटोक्रिट, म्हणजे हेच लाल पेशींचं प्रमाण, हवं. आईला रक्तक्षय, बाळ कमी वजनाचं, नाळ लवकर कापली की उशिरा, या आपल्याकडच्या रोजच्या गोष्टी इथे थेट गणितात शिरतात. तिसरी कटकट साधीच आहे. बाळाची मान इवलीशी, त्यामुळे खुणेची पातळी नेमकी कुठे आखायची यात टेक्निशियनचा हात बसलेला असावा लागतो.

यंत्राची ताकदही महत्त्वाची. ३ टेस्लाच्या यंत्रावर संकेत ठळक येतो आणि खूण जास्त टिकते. लहान शहरांतल्या स्कॅन सेंटरमध्ये सहसा दीड टेस्लाचं यंत्र असतं. त्यावरही एएसएल होतं, पण चित्रात गोंगाट जास्त. शिवाय कंपनीकडून ती आज्ञावली वेगळी घेतलेली असेल तरच.

नकाशात काय दिसलं

सर्वाधिक अभ्यास झाला तो जन्मताना गुदमरलेल्या, पूर्ण दिवसांच्या बाळांवर. पिया विंटरमार्क आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा बाळांचे पहिल्या काही दिवसांत पुन:पुन्हा एमआरआय काढले. बाळं मोजकीच होती, पण निष्कर्ष लक्षात राहण्याजोगा होता. मेंदूच्या ज्या भागाला पुढे इजा दिसली, तिथे पहिल्या दिवशी रक्त कमी होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट जास्त. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या गटालाही मेंदूच्या खोल गाभ्यात, म्हणजे बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसमध्ये, ज्या बाळांचा रक्तप्रवाह जास्त दिसला त्यांची पुढची वाटचाल वाईट झालेली आढळली.

जास्त रक्त हे वाईट लक्षण कसं, असं कुणीही विचारेल. गुदमरल्यानंतर श्वास परत येतो तेव्हा मेंदूतल्या पेशी थोड्या सावरतात. पण साधारण सहा तासांनंतर, पुढच्या एक-दोन दिवसांत, ऊर्जेचा दुसरा तुटवडा सुरू होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीने हे दाखवलं होतं. या काळात रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त धो धो येतं, पण पेशींना त्यातला प्राणवायू वापरताच येत नाही. पाणी आलं आणि पीक आधीच करपलेलं, असा हा प्रकार. म्हणून तिसऱ्या दिवशीचा लालभडक नकाशा पुरवठा सुधारल्याचा पुरावा मानता येत नाही.

जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांत चित्र उलट दिसतं. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात २००४ मध्ये शस्त्रक्रियेआधी मोजलेल्या बाळांचा सरासरी प्रवाह २० मिलिलिटरच्या जरा खाली होता. ज्यांचा फारच कमी होता, त्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात इजा जास्त आढळली. इथे कमी रक्त म्हणजे खरोखरच कमी पुरवठा.

मतभेद कुठे आहेत

एक बाजू म्हणते, नेहमीचा एमआरआय झालेली इजा दाखवतो, तर रक्तप्रवाहाचा नकाशा इजा होत असताना काय चाललंय ते दाखवतो. चित्र ठळक करायला शिरेतून द्यायचं गॅडोलिनियम लागत नाही, आणि नवजात बाळाच्या कच्च्या मूत्रपिंडांचा विचार करता हे मोलाचं आहे. बाळ यंत्रात आहेच, तर आणखी पाच मिनिटांनी काय बिघडतं? शिवाय याच आकड्यांतून उद्या औषधांची परिणामकारकता मोजता येईल.

दुसरी बाजू म्हणते, भाकितासाठी आपल्याकडे याहून भक्कम साधन आधीच आहे. २०१९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या आठ केंद्रांवर झालेल्या 'मार्बल' अभ्यासात २२३ बाळांच्या थॅलॅमसमधल्या एन-अॅसिटिल-अॅस्पार्टेट या रसायनाचं प्रमाण एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने मोजलं. त्यावरून दोन वर्षांच्या वयातल्या वाढीचा अंदाज इतका अचूक आला, की दुसऱ्या कुठल्याही मोजमापाने तेवढा आला नाही. रक्तप्रवाहाचे अभ्यास मात्र एकेका रुग्णालयातल्या वीस-तीस बाळांवरचे, प्रत्येकाची यंत्रं वेगळी आणि स्कॅनचा दिवसही वेगळा.

तिसरा आक्षेप बाळाच्या खाटेपाशी उभा राहून घेतलेला आहे. रक्तप्रवाह क्षणोक्षणी बदलतो. व्हेंटिलेटरने कार्बन डायऑक्साइड खाली नेला की तो घसरतो. उपचार म्हणून शरीर थंड केलं की कमी होतो, झटका आला की त्या भागात वाढतो, झटक्यावरच्या फेनोबार्बिटोनने पुन्हा उतरतो. पाच मिनिटांचा नकाशा यातलं नेमकं काय पकडतो? त्यापेक्षा टाळूवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून डॉपलर करावं, किंवा कपाळावर प्रकाशाचा सेन्सर लावून प्राणवायू पाहत राहावं, असं या मताचे लोक म्हणतात. त्यांच्याही पदरी निराशा आली आहे. अतिशय अकाली जन्मलेल्या १,६०१ बाळांवरच्या 'सेफबूस्क-३' चाचणीत तशा सेन्सरवर नजर ठेवून उपचार केले, तरी मृत्यू वा गंभीर मेंदूइजा कमी झाली नाही. हे प्रमाण सेन्सर लावलेल्या गटात ३५.२ टक्के होतं, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ३४ टक्के. २०२३ चा हा निकाल रक्तप्रवाहाच्या नकाशावाल्यांनीही जवळ ठेवावा. मोजणं आणि त्यातून बाळाचं भलं होणं यात बरंच अंतर आहे.

डॉपलरची आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद लागते, आणि फिरतं यंत्र एका दवाखान्यातून उचलून दुसऱ्यात नेता येत नाही. कायदा हवाच, पण नवजात कक्षात बाळाच्या टाळूवर ठेवायला यंत्र हाताशी नसणं ही त्याची एक न ठरवलेली किंमत आहे.

मुंबईतून आलेला धक्का

हा वाद महाराष्ट्रात येऊन ठेपला तो 'हेलिक्स' चाचणीमुळे. गुदमरलेल्या बाळाचं शरीर सहा तासांच्या आत ३३-३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ७२ तास तसं ठेवणं, हा श्रीमंत देशांत २००५ नंतर रुळलेला उपचार. इंपीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात केंद्रांत ४०८ बाळांवर त्याची परीक्षा झाली. त्यातलं एक केंद्र होतं मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. २०२१ मध्ये निकाल आला. मृत्यू किंवा मध्यम-गंभीर अपंगत्व थंड केलेल्या गटात ५० टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. आणि नुसते मृत्यू पाहिले तर ४२ विरुद्ध ३१ टक्के, म्हणजे उपचार केलेल्यांतच जास्त.

यावर दोन तऱ्हांनी विचार झाला. काहींचं म्हणणं, आपल्याकडच्या बाळांत हा उपचार थांबवावा. भारतातल्या बऱ्याच नवजात-तज्ज्ञांचं म्हणणं, सुसज्ज केंद्रात, निवडक बाळांसाठी तो बंद करावा एवढं यातून सिद्ध होत नाही. पण दोन्हीकडे एक शंका सारखी आहे. आपल्याकडे गुदमरणं ऐन प्रसूतीतच घडतं, की त्याआधी बराच काळ थोडं थोडं चालू असतं? बाळ पोटातच दिवसेंदिवस कमी रक्तावर असेल, तर जन्मानंतर सहा तासांची मुदत केव्हाच टळून गेलेली असते.

माझ्या मते एएसएलचं भारतातलं खरं काम इथे आहे. हेलिक्समध्येही एमआरआय झाले होते, स्पेक्ट्रोस्कोपी आणि चेतातंतूंच्या चित्रणासह, पण ते पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. इजा झाली हे त्यात दिसलं. ती कधी सुरू झाली, हे सांगायला पहिल्या दिवसाचा रक्तप्रवाह लागेल. पहिल्याच दिवशी प्रवाह चढलेला दिसला, तर घड्याळ जन्माच्या आधीच सुरू झालं होतं असं मानायला जागा राहील. हे अनुमान आहे, आणि आपल्या बाळांवर ते पडताळून पाहायचं बाकी आहे.

जालन्यातून पाहिलं तर

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १९.५९ लाख होती. जिल्ह्यात आठ तालुके, जिल्ह्याच्या गावी स्त्री रुग्णालय आणि आजारी नवजातांसाठीचा एसएनसीयू, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्या दिवशी राज्यात अशी दहा महाविद्यालयं एकदम सुरू झाली. उद्या इथे एएसएल असलेलं यंत्र आलं, असं धरून चालू.

पहिल्या दिवसाचं बाळ यंत्रापर्यंत न्यायचं कसं? नवजात बाळाला एमआरआयसाठी शक्यतो गुंगीचं औषध देत नाहीत. पोटभर पाजतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात, कानावर आवाज अडवणारी मऊ आच्छादनं लावतात आणि झोप लागली की आत सरकवतात. आपल्याकडच्या आज्यांना गुंडाळणं शिकवावं लागत नाही. आत जाण्याआधी मात्र करगोटा, काळ्या मण्यांचा दोरा, चांदीचे वाळे, झबल्याची सेफ्टीपिन, सगळं काढावं लागतं. काजळही पुसावं लागतं, कारण त्यात लोहाचा अंश असेल तर डोळ्यांपाशी चित्र फाटतं. दोरा काढायला आजी तयार होत नाही, हा टेक्निशियन मंडळींचा रोजचा वाद. पण हे झालं स्वतःच्या श्वासावर असलेल्या बाळाचं. ज्याचा रक्तप्रवाह मोजायची सर्वांत जास्त गरज आहे, ते बाळ प्राणवायूवर किंवा व्हेंटिलेटरवर असतं. त्याला चुंबकाजवळ चालणारा व्हेंटिलेटर, चालणारे मॉनिटर आणि सोबत नवजात-तज्ज्ञ हवा. लोखंडी सिलिंडर तर दारापाशीही नको. २०१८ मध्ये मुंबईत सिलिंडर आत नेल्याने एका तरुणाचा जीव गेला होता.

खाटेपाशी नेता येतील अशी ०.०६४ टेस्लाची छोटी एमआरआय यंत्रं निघाली आहेत. अमेरिकेत त्यांना २०२० मध्ये मान्यता मिळाली, आणि आफ्रिका व दक्षिण आशियातल्या बाळांवर ती वापरून पाहिली जात आहेत. मेंदूचा आकार, पाणी साचणं, मोठा रक्तस्राव त्यांवर कळतो. एएसएलची ती इवलीशी वजाबाकी एवढ्या क्षीण चुंबकात पकडणं अजून रोजच्या कामाचं झालेलं नाही.

खर्चाच्या प्राधान्याचा प्रश्नही डावलता येत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या प्रशिक्षित बाईकडून घरीच नवजात बाळाची काळजी घेववली, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्यासकट. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता, आणि २०११ पासून आशांमार्फत ती पद्धत देशभर गेली. सार्वजनिक आरोग्यातले लोक म्हणतात, पैसा आधी इथे. त्याचा प्रतिवाद कुणी करत नाही. चित्रणवाले एवढंच म्हणतात, की मृत्यू घटल्यावर जी बाळं वाचतात त्यांच्या मेंदूची दखल घेणारी दुसरी फळीही हवी.

त्या फळीचा महाराष्ट्रातला चांगला नमुना पुण्याचा. केईएम रुग्णालयात सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोखालच्या बाळांचा अठरा वर्षांची होईपर्यंत माग ठेवला. सुरुवातीला ठीक वाटलेली मुलं पुढे शाळेत मागे पडताना दिसणं, हे अशा दीर्घ पाठपुराव्यातूनच कळतं. एएसएलच्या बहुतेक अभ्यासांचा पाठपुरावा दोन वर्षांवर थांबतो.

काय ठरायचं आहे

सर्वांत मोठी उणीव आकड्यांची. भारतीय नवजात बाळांत, वेगवेगळ्या वजनाच्या आणि हिमॅटोक्रिटच्या, धडधाकट रक्तप्रवाह किती, याची सर्वमान्य मोजपट्टी नाही. स्कॅन पहिल्या दिवशी घ्यायचा, तिसऱ्या की सातव्या, यावर एकमत नाही. शरीर थंड केलेल्या आणि न केलेल्या बाळांचे आकडे एका रांगेत ठेवता येतात का, हेही ठरलेलं नाही. एका यंत्रावरचा १८ आणि दुसऱ्यावरचा १८ सारखाच का, याचीही खात्री देता येत नाही. आणि हे सगळं सुटलं, तरी नकाशा पाहून उपचार बदलला व त्याने बाळाचं भलं झालं, असं दाखवणारी चाचणी अजून व्हायची आहे.

तोवर व्यवहारातली गोष्ट अशी. जालन्याच्या बाळासाठी आज महत्त्वाचा आहे तो वेळेवर, शक्यतो पहिल्या आठवड्यात, डिफ्यूजन चित्रणासह केलेला साधा एमआरआय. सोय असेल तिथे स्पेक्ट्रोस्कोपी आणि एएसएल जोडून घ्यावं, त्या दिवशीचं हिमॅटोक्रिट कागदावर लिहावं आणि चित्रं जपून ठेवावीत. आकडे जमतील ते असेच. एकट्या एएसएलवरून कुणाला धीर देऊ नये आणि कुणाची आशाही तोडू नये. ज्या घरात असं बाळ आहे, त्यांनी रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नयेत. मान धरणं, नजर फिरवणं, बसणं, हाक मारल्यावर वळणं यात उशीर वाटला तर आशाताईंना सांगून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाला दाखवावं. ती तपासणी मोफत आहे.